मालवणचा समुद्र आणि त्याचे राखणदार

कुरुंदवाडच्या घाटावर राहणाऱ्या माणसाने समुद्राविषयी लिहावयास घ्यावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. आमच्या कृष्णा-पंचगंगेचे पाणी सह्याद्रीवरून येते खरे, परंतु ते जाते पूर्वसमुद्रास. पश्चिमेचा समुद्र डोंगराच्या पलीकडेच राहतो. तथापि मालवणच्या किनाऱ्याशी या मुलखाचा संबंध जुना आहे, आणि तो सर्वथा अभिमान वाटण्यासारखा आहे असेही नाही.

शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली व १६६७ मध्ये तो पुरा झाला. सुमारे ४८ एकरांचा तट, पायात ओतलेले शिसे आणि खाऱ्या पाण्याने वेढलेल्या दूधबाव, साखरबाव व दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी यांचे वर्णन वाचकांनी शालेय पुस्तकांत वाचलेच असेल. आमच्या मते किल्ल्याचे खरे बळ त्या तटाच्या बाहेर आहे. बेटाभोवती पाण्याखाली खडकांच्या रांगा पसरलेल्या आहेत. भरतीच्या वेळी त्यांपैकी पुष्कळ दिसत नाहीत, आणि मधील वाटा अरुंद व वाकड्या आहेत. ज्याला त्या ठाऊक नाहीत त्याचे गलबत तेथे सहज फुटावे. म्हणजे किल्ला बांधला पाथरवटांनी, परंतु तो राखला या बुडालेल्या खडकांनी, आणि त्यांतील वाटा ज्यांच्या अंगवळणी पडल्या होत्या त्या दर्यावर्दी लोकांनी.

पुढे हा किनारा करवीरकर छत्रपतींकडे आला. त्यांच्या आरमाराने इंग्रजांची जहाजे पकडली म्हणून १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला व त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पैसे घेऊन त्यांनी तो लवकरच परतही केला. (मालवणच्या या लोकांस इंग्रजी ग्रंथकार ‘चाचे’ म्हणतात. इंग्रजी ग्रंथांवर वाढलेल्या आमच्या पिढीने हा शब्द कित्येक वर्षे निमूटपणे वापरला.) त्यानंतर पेशवे व पटवर्धन यांच्याशी झालेल्या दीर्घ लढायांनी करवीरचे राज्य खंगले. १७९९ मध्ये लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन पडले, त्यामुळे वैर अधिकच पेटले. अखेर १८१२ च्या तहाने करवीरकरांनी मालवणचे बंदर इंग्रजांस दिले व उरलेल्या राज्याच्या रक्षणाची हमी पदरात घेतली. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे संस्थान. तेव्हा हा समुद्र मराठ्यांच्या हातून जाण्यास आमच्या बाजूच्या तलवारींचाही हातभार लागला, हे आम्हांस कबूल केले पाहिजे.

त्या खडकांचे दुसरे रहस्य मात्र फार उशिरा उमगले. १९७९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील कासिम व वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत पोवळी असल्याचे नोंदविले. त्यांत मालवण होते. पोवळी वाढण्यास कठीण आधार लागतो, आणि तो येथे आयताच होता. शत्रूच्या गलबतांस अडविणारे कातळच या चिमुकल्या जीवांचे घर निघाले. त्यांच्या कपारींत माशांची पिले वाढतात. १३ एप्रिल १९८७ रोजी सरकारने येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केले. त्याच्या गाभ्यात सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या भोवतीचे सुमारे तीन चौरस किलोमीटर पाणी येते.

जाहीर केले, परंतु त्या पाण्यावर ज्यांची चूल पेटते त्यांची मने वळविली नाहीत. किनाऱ्यावर रापण ही जुनी पद्धत आहे. होडीने जाळे अर्धवर्तुळाकार टाकावयाचे, दोन्ही टोकांस माणसांच्या रांगांनी ते ओढावयाचे आणि मिळेल त्याचे ठरलेले वाटे करावयाचे. अशा लोकांस अभयारण्य म्हणजे आपल्या अंगणास सरकारने घातलेले कुंपण वाटले, व त्यांनी कडवा विरोध केला. चमत्कार असा की, समुद्राला संरक्षण हवे ही मागणी त्यांची स्वतःचीच होती. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांविरुद्ध किनारपट्टीच्या मच्छीमारांनी ओरड केली. १९८१ चा महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून ट्रॉलरांस दूर ठेवतो तो याच कारणाने. पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध येण्यास मात्र २०१६ उजाडले. ज्यांनी पहारेकरी व्हावयाचे, त्यांनाच १९८७ मध्ये आरोपी झाल्यासारखे वाटले. समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताची तजवीज करावी, हे कलम वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये आले. मालवणची घोषणा त्यापूर्वी चार वर्षे होऊन गेली होती. तो अविश्वास अद्यापि पुरता निवळलेला नाही.

दरम्यान पोवळ्यांस नवे शत्रू मिळाले. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ती पांढरी पडतात, आणि त्यावर मालवणकरांचा काही इलाज नाही. परंतु पर्यटकांच्या पायांखाली व नौकांच्या नांगरांखाली जी चिरडतात, त्यांना वाचविणे माणसाच्या हाती आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांस जागतिक वारसा मानले. त्यांत सिंधुदुर्ग आहे. तटाचा दगड आता साऱ्या जगाचा झाला. तटाखालच्या कातळाकडे पाहणारे मात्र थोडे.

मागे किल्ल्यास गेलो, तेव्हा भरती होती. नावाड्याने एकाएकी सुकाणू फिरविले. आम्ही कारण विचारले, तर “थंय खडप आसा” एवढेच तो म्हणाला. आम्हांस पाण्याखेरीज काही दिसेना. सायंकाळी परतताना ओहोटी लागली होती आणि त्या जागी काळ्या कातळाची पाठ वर आली होती. तिच्याच अंगाला पर्यटकांची एक होडी नांगर टाकून उभी होती.