बॅच कार्य नोंद

बॅच कार्य नोंद म्हणजे वापरकर्त्याच्या हस्तक्षेपाशिवाय एकामागून एक चालणाऱ्या संगणक आज्ञावल्या केव्हा सुरू झाल्या, केव्हा संपल्या आणि त्यांना कोणती प्राचले दिली गेली, याची क्रमवार नोंद होय. वेतनपत्रके, व्याज आकारणी, देयके अशी कामे अनेकदा रात्री चालतात. त्या वेळी पडद्यासमोर कोणी नसल्याने, चूक आढळल्यास ही नोंद हाच मुख्य पुरावा ठरतो.

प्रणालीची स्वयंचलित नोंद

आयबीएमच्या झेड/ओएस प्रणालीत एसएमएफ हा घटक कार्याचे नाव, आज्ञावलीचे नाव, आरंभाची वेळ व प्रक्रियकाने घेतलेला वेळ नोंदवतो. युनिक्समधील प्रक्रिया लेखांकनातही अशीच माहिती मिळते. मात्र तिला दोन मर्यादा आहेत. आज्ञेचे नाव नोंदले जाते, प्राचले नोंदली जात नाहीत. तसेच नोंद प्रक्रिया संपल्यावर होते. त्यामुळे अडकून पडलेल्या प्रक्रियेचा मागमूस त्यात नसतो. म्हणून मूळ बॅच फाइलनेच आज्ञावली सुरू करण्यापूर्वी एक व ती संपल्यावर निर्गम संकेतासह दुसरी ओळ लिहिणे आवश्यक ठरते.

वेळ

विंडोजच्या बॅच फाइलमध्ये दिनांकाची मांडणी संगणकाच्या प्रादेशिक रचनेनुसार बदलते. शिवाय कंसातील आज्ञासमूहातील चलांच्या किमती समूह वाचतानाच भरल्या जातात. त्यामुळे आरंभ व शेवट यांची वेळ एकच दिसू शकते. विलंबित विस्तार वापरल्यास हा दोष टळतो. वर्ष, महिना, दिवस या क्रमाची आयएसओ ८६०१ मांडणी वापरल्यास नोंदी सहज क्रमाने लावता येतात. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत घड्याळ मागे घेताना एक तास दोनदा येतो. म्हणून तेथे जागतिक समन्वित वेळ सोयीची असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटे पुढे असते.

प्राचले

चलाचे नाव न लिहिता त्याची प्रत्यक्ष किंमत नोंदवावी लागते. फाइलच्या नावात मोकळी जागा असल्यास एका प्राचलाची दोन होऊ शकतात. म्हणून प्रत्येक प्राचल अवतरणचिन्हांत स्वतंत्रपणे लिहिले जाते. ‘०३/०४’ हा दिनांक ३ एप्रिल की ४ मार्च, हे केवळ नोंदीवरून कळत नाही.

सुरक्षा

प्राचलांतून परवलीचा शब्द दिल्यास तो नोंदीत उघड होतो व तिच्या प्रतींमध्येही टिकून राहतो. अशी माहिती नोंदवण्यापूर्वी झाकली जाते किंवा मर्यादित परवानगीच्या स्वतंत्र फाइलमधून पुरवली जाते.