‘टाकाऊ’ मासे कोणासाठी?

इंद्रधनुषी ट्राउट हा मासा गळाला लागल्यावर जोरदार झुंज देतो, म्हणून हौशी मासेमारांचा लाडका. या हौसेची किंमत कोणी मोजली, ते आपण पाहू.

अमेरिकेत ग्रीन नदीवर फ्लेमिंग गॉर्ज धरण बांधले जात होते. नव्या जलाशयात ट्राउट वाढावेत म्हणून आधीचे ‘टाकाऊ’ मासे मारायचे ठरले. सप्टेंबर १९६२ मध्ये सुमारे ७०० किलोमीटर प्रवाहात रोटेनोन सोडले. त्यामुळे पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही, मासे गुदमरतात. पोटॅशियम परमँगनेटने विष निकामी करण्याचा बेत फसला आणि ते ठरलेल्या हद्दीपलीकडे वाहत गेले.

पुढे धरणातून सुटणारे थंड पाणी ट्राउटना मानवले, स्थानिक माशांना नाही. १९६७ मध्ये याच नदीतला हंपबॅक चब धोक्यातील जातींच्या यादीत आला. मग टाकाऊ कोण, हे आपण कशावरून ठरवतो?