पवनेच्या पाण्याचे ऋण

स्मरणिकेसाठी यंदा इतिहासावर काही लिहावे, असे कार्यवाहबाईंनी सुचविले. इतिहास म्हटला की आपले मन शिवनेरी-सिंहगडाकडे धावते. परंतु एक इतिहास आपल्या घरच्या नळापर्यंत येऊन पोहोचला आहे. तोच आज सांगावा असे मला वाटते.

आपल्या पिंपरी-चिंचवडची तहान मुख्यतः पवनामाई भागविते. मावळातील धरणातून पाणी नदीत सोडतात. ते वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तेथून उपसून निगडीस शुद्ध केले जाते आणि मग आपल्या हंड्यात पडते. हे पाणी बंद जलवाहिनीतून थेट निगडीला आणावे, अशी महानगरपालिकेची योजना होती. पाणी वाया जाऊ नये, ते स्वच्छ यावे, हा तिचा हेतू. पण नदीकाठच्या शेतकऱ्याला धास्ती वाटली, की पाणी नळात गेले तर नदी आटेल, मग उभ्या पिकाला काय द्यायचे? धरणात जमिनी गेलेल्यांचा जुना सलही त्यात मिसळला.

९ ऑगस्ट २०११. क्रांतिदिन, आणि श्रावणातला मंगळवार. आपल्याकडे मंगळागौरीची गडबड असते तो दिवस. त्या दिवशी मावळातील शेतकऱ्यांनी बऊर येथे पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग अडविला. पोलिसांशी संघर्ष झाला आणि पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी प्राणास मुकले. त्यांत एक स्त्री होती. आपल्यासारखीच कुणाची आई, कुणाची वहिनी. आणि कलहाचे कारण होते आपले पाणी!

गोळीबार आवश्यक होता काय? आधी इतर उपाय झाले होते काय? हुकूम कोणी दिला? अशा प्रश्नांसाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला. येथे एक गोष्ट भगिनींनी नीट ध्यानात घ्यावी. असे आयोग १९५२ च्या कायद्याने नेमले जातात. आयोग साक्षी घेतो, अहवाल देतो. परंतु तो न्यायालयाचा निकाल नव्हे. अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे सरकारवर बंधनकारक आहे, शिफारशी अमलात आणणे नव्हे. शिवाय जमाव पांगविताना केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर खटला भरावयाचा, तर सरकारची संमती लागते. म्हणजे पोलीस ज्याचे, त्यानेच चौकशी नेमावयाची, आणि परवानगीही त्यानेच द्यावयाची!

मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबारात दहाजण गेले. तेथेही न्यायमूर्ती गुंडेवार यांचा आयोग बसला आणि त्याने गोळीबार असमर्थनीय ठरविला. तथापि जबाबदार अधिकाऱ्यास सत्र न्यायालयाने दोषी ठरविले ते २००९ साली. मध्ये बारा वर्षे लोटली. पाळण्यातले मूल तेवढ्या काळात सातवीत जाते.

म्हणूनच घटना घडल्यावर नेमलेल्या आयोगाखेरीज एखादी कायमची, स्वतंत्र यंत्रणा हवी, हा विचार पुढे आला. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापण्याचा आदेश दिला. हा अर्जदार स्वतः पोलीस होता, हे विशेष. महाराष्ट्राने कायद्यात तशी तरतूद केली ती २०१४ मध्ये; बऊरची घटना घडून तीन वर्षे झाल्यावर. मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक अशा तक्रारी प्राधिकरणाकडे नेता येतात.

कोणी म्हणेल, हे पोलिसांच्या विरुद्ध बोलणे झाले. मला तसे वाटत नाही. पोलिसांच्या घरच्या बायकाही आपल्याबरोबर हळदीकुंकवाला बसतात. बंदोबस्तावर गेलेला माणूस धड परत येईल ना, या काळजीने त्यांचाही घास अडतो. चौकशी निःपक्षपाती असेल, तर दोषी सापडतो. आणि ज्याने संयम राखला त्याच्यावरचा डागही धुऊन निघतो. चौकशीवर विश्वास नसेल, तर सगळा गणवेशच बदनाम होतो.

माझी सूचना लहानशी आहे. येत्या श्रावणात मंगळागौरीच्या खेळांआधी एक तास राखून ठेवावा. एखाद्या वकील भगिनीस बोलावून प्राधिकरणाकडे तक्रार कशी करावी, कोणती कागदपत्रे लागतात, हे समजून घ्यावे. आणि मावळातील एखाद्या महिला मंडळास त्या दिवशी आपल्याकडे पाहुणे म्हणून बोलवावे. नदीच्या वरच्या अंगाच्या बायका आणि खालच्या अंगाच्या बायका एकदा तरी एका पंगतीस बसाव्यात. पाण्याचे भांडण रस्त्यावर जाण्यापूर्वी ते घरात बोलले जावे, एवढेच मागणे.