ख्रिस्ती पुरुषनामे : अर्थ व उगम

ख्रिस्ती कुटुंबांत मुलग्यांना परंपरेने, बहुधा बाप्तिस्म्याच्या वेळी, दिली जाणारी नावे. त्यांपैकी बरीच हिब्रू, अरामी, ग्रीक, लॅटिन व जर्मानिक भाषांतून आली आहेत. योहान म्हणजे ‘यहोवा कृपाळू आहे’ आणि मत्तय म्हणजे ‘यहोवाची देणगी’, ही हिब्रू. थोमा (‘जुळा’) अरामी. पौल (‘लहान’) लॅटिन. येशूने शिमोनाला दिलेले केफा हे अरामी नाव ग्रीकमध्ये पेत्र झाले. दोहोंचा अर्थ खडक. योहानाची रूपे तर देशोदेशी बदलली : इंग्रजीत जॉन, पोर्तुगीजमध्ये जुआंव, रशियनमध्ये इव्हान. अशा नावांना सरसकट ‘इंग्रजी नावे’ म्हणण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच चुकीची आहे.

नाव ख्रिस्ती ठरते ते शब्दार्थामुळे, असा समज अर्थासह छापलेल्या नामसूचींमुळे दृढ होतो. पुरावा मात्र वेगळे सांगतो. मार्टिन हे नाव मार्स या रोमन युद्धदेवतेवरून आले, डेनिस ग्रीक डायोनिससवरून, तर इसिडोर म्हणजे इसिस या इजिप्शियन देवीची देणगी. नव्या करारातील अपुल्लो आणि एपफ्रदीत यांच्या नावांत अपोलो व अफ्रोदिती आहेतच, आणि प्रेषितांनी ती बदलायला लावल्याची नोंद नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने लिहिले, की श्रद्धावंतांच्या मुलांत पौल आणि पेत्र ही नावे पुष्कळ आढळतात. लिहिणाऱ्याचे स्वतःचे नाव मद्यदेवतेचे होते! आईवडिलांना नावाचा धात्वर्थ नव्हे, तर ते नाव धारण करणारा माणूस प्रिय होता. झेवियर हे मुळात बास्क भाषेतले ‘नवे घर’ अशा अर्थाचे स्थलनाम. १५४२ मध्ये गोव्यात आलेल्या फ्रान्सिस झेवियर यांच्या स्मरणाने ते मुलग्यांचे नाव झाले. वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झालेले गोन्सालो गार्सिया यांचे नावही जर्मानिक मुळाचे, युद्धाशी संबंधित. वसईकरांना त्यात आठवतो तो आपला संत.

यावर दोन आक्षेप घेता येतात. पहिला, योहान, मत्तय यांसारख्या नावांत तर देवाचे नावच आहे. खरे आहे, पण ती ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेली यहुदी नावे आहेत आणि आजही यहुदी ती ठेवतात. केवळ अर्थाने ती ख्रिस्ती होत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : ५३३ मध्ये पोपपदी निवडल्या गेलेल्या मर्क्युरियसने, आपले नाव रोमन देवाचे म्हणून, योहान हे नाव घेतले. मात्र तो एका पदाच्या प्रतिष्ठेसाठी घेतलेला निर्णय होता. मार्टिन हे नाव त्यानंतरही टिकले, आणि पुढच्याच शतकात खुद्द एका पोपचे तेच नाव होते.

मराठी ख्रिस्ती समाजाला हा निष्कर्ष विशेष लागू पडतो. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनी आपली मूळ नावे सोडली नाहीत. टिळकांचे पुत्र देवदत्त याच नावाने ओळखले गेले, आणि अर्थाने हे नाव थिओडोर किंवा मत्तय यांच्या शेजारी बसते. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या विधिसंहितेत बाप्तिस्म्याला ख्रिस्ती नाव असावे, ते नसल्यास नोंदवहीत संताचे नाव जोडावे, अशी तरतूद होती. १९८३ च्या संहितेतील ८५५ वे कलम एवढेच सांगते, की ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये.