पेशी आणि सजीवांचे वर्गीकरण : मुलांना ओळख कशी करून द्यावी?

नवी दिल्ली : एनसीईआरटीने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रम-कपातीत आठवीच्या विज्ञान पुस्तकातील पेशीवरील आणि नववीच्या पुस्तकातील सजीवांच्या विविधतेवरील प्रकरण वगळण्यात आले. त्यानंतर २०२४ मधील सहावीच्या नव्या पुस्तकात सजीवांची विविधता आणि २०२५ मधील आठवीच्या पुस्तकात डोळ्यांना न दिसणारी सजीवसृष्टी या विषयांना पुन्हा स्थान मिळाले. हे दोन्ही विषय सहसा वेगवेगळे शिकवले जातात. प्रत्यक्षात आधुनिक वर्गीकरणाचा पाया पेशीच आहे आणि हा दुवा दाखवला नाही, तर मुलांच्या हाती केवळ पाठांतराची यादी उरते.

पेशीची ओळख

रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे पाहिले. त्या मृत पेशींच्या रिकाम्या भित्तिका होत्या. पुढे लेव्हेनहूक यांनी पाण्याच्या थेंबात जिवंत सूक्ष्मजीव पाहिले. श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पती आणि श्वान यांनी १८३९ मध्ये प्राणीही पेशींचे बनलेले असल्याचे मांडले. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हा विचार १८५५ मध्ये फिर्खो यांनी पुढे आणला.

मुलांसाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे कांदा. त्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात ठेवून आयोडीनचा एक थेंब टाकावा आणि वर आच्छादन काच ठेवावी. सूक्ष्मदर्शकाखाली विटांच्या भिंतीसारख्या पेशी आणि त्यांतील गडद केंद्रक दिसतात. कांदा वनस्पती असूनही या पेशींत हरितलवके का नाहीत, असा प्रश्न येथे विचारता येतो. कांद्याचा हा भाग जमिनीत वाढतो आणि प्रकाशसंश्लेषण करीत नाही, हे त्याचे उत्तर. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात मात्र हिरवी हरितलवके स्पष्ट दिसतात. प्रत्येक पेशी तिच्या कामानुसार घडलेली असते, हे या तुलनेतून आपोआप कळते.

चार प्रश्नांतून वर्गीकरण

लिनियस यांनी अठराव्या शतकात सजीवांची विभागणी वनस्पती आणि प्राणी अशा दोन सृष्टींत केली. त्यांची द्विनाम पद्धती आजही वापरात आहे. भाषा कोणतीही असो, आंब्याचे शास्त्रीय नाव मँगिफेरा इंडिका हेच राहते. परंतु अळंबीसारख्या सजीवांचा या दोन कप्प्यांत नीट मेळ बसेना. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी अशी पंचसृष्टी पद्धती मांडली.

तिचे मर्म मुलांना चार प्रश्नांतून सांगता येते. पेशीत सुस्पष्ट केंद्रक आहे का? शरीर एका पेशीचे आहे की अनेक पेशींचे? पेशीभोवती भित्तिका आहे का? सजीव स्वतःचे अन्न तयार करतो का? दही लावणाऱ्या जिवाणूंत सुस्पष्ट केंद्रक नसते, म्हणून ते मोनेरा सृष्टीत येतात. केंद्रक असलेला एकपेशीय अमिबा प्रोटिस्टात मोडतो. अळंबीला पेशीभित्तिका असते, परंतु ती कायटिनची असते आणि अळंबी स्वतःचे अन्न तयार करीत नाही. म्हणून तिची गणना कवकांत होते. पाव फुगवणारे यीस्ट एकपेशीय असूनही कवकच आहे. विषाणूंना पेशीच नसल्यामुळे या पाचही सृष्टींत त्यांना स्थान नाही.

नेहमीच्या चुका

वटवाघूळ उडते म्हणून पक्षी आणि देवमासा पोहतो म्हणून मासा, असा समज मुलांत आढळतो. दोघेही पिलांना दूध पाजणारे सस्तन प्राणी आहेत. कोळ्याला आठ पाय असतात, तर कीटकाला सहा. त्यामुळे कोळी कीटक नव्हे. केवळ राहणीमान पाहून गट ठरवू नये, रचना पाहावी, हा धडा अशा उदाहरणांतून मिळतो.

वर्गीकरण अंतिम नसते, हेही सांगायला हवे. कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये रेणूंच्या तुलनेवरून आर्किया हा स्वतंत्र गट ओळखला आणि १९९० मध्ये सहकाऱ्यांसह जिवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी अशी तीन अधिक्षेत्रे मांडली. नवे पुरावे आले की मांडणी बदलते. परीक्षेसाठी पाच नावे लक्षात ठेवावी लागतीलच. मात्र ती नावे कोणत्या निरीक्षणांवरून आली हे ज्या मुलाला सांगता येते, त्याला अनोळखी सजीव समोर आल्यावरही विचार कोठून सुरू करावा हे कळते.