व्यायाम ज्ञानकोशकार दत्तात्रय चिंतामण मुजुमदार

पट्टा, फरीगदका, बोथाटी, विटा ही नावे एके काळी महाराष्ट्रात सर्वपरिचित होती. इ. स. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य जनांच्या हातचे शस्त्र गेले आणि त्यापाठोपाठ ते चालविण्याची विद्याही विस्मृतीच्या वाटेस लागली. ही विद्या बहुतांशी पोथीत नव्हती, उस्तादाच्या मनगटात होती. उस्ताद गेला, की त्याचे डावही त्याच्याबरोबर जात. या लुप्तप्राय विद्येस ग्रंथरूप देणारे थोर पुरुष म्हणजे बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार होत.

सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे आम्हां अमळनेरकरांस गुजरात परका नाही. त्यातून बडोदे हे महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने अनेक विद्यांचे माहेरघर झालेले. जुम्मादादा या मुसलमान उस्तादांच्या आखाड्यात तयार झालेल्या प्रा. माणिकरावांनी गुरूच्याच नावाची व्यायामशाळा तेथे नावारूपास आणली. त्याच नगरीत मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे कार्य आरंभिले. पहिला खंड १९३६ साली निघाला आणि दहावा १९४९ साली. मध्यंतरी महायुद्ध आले, कागद दुर्मिळ झाला, तथापि संकल्प ढळला नाही. १९५० साली या विषयावरील त्यांचा सचित्र इंग्रजी ग्रंथही प्रसिद्ध झाला.

डाव करून दाखविणे सोपे, परंतु तो शब्दांत बांधणे कठीण. पाऊल कोठे, नजर कोठे, वार कोणत्या अंगाने, हे न पाहिलेल्या वाचकास समजले पाहिजे. लेझीमच घ्या. मूळचे ते लोखंडी साखळीचे धनुष्य. बाहुबळासाठी ते ओढीत. पुढे ते हलके झाले, हलगीच्या ठेक्यावर पावले पडू लागली आणि व्यायामाचे सामुदायिक नृत्य झाले. १९३६ सालीच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. परंतु प्रात्यक्षिक डोळ्यांपुरते, ग्रंथ पिढ्यांपुरता.

शिष्यासही अखेरचा डाव न सांगणारे उस्ताद आपण कथांतून ऐकतो. अशा गुप्ततेने कित्येक विद्या बुडाल्या. मुद्रित ग्रंथास मात्र वाचकाची जात ठाऊक नसते, हे ज्ञातिसंस्थेच्या या अंकात सांगणे अगत्याचे वाटते. आपल्या एखाद्या वृद्ध बांधवास लाठीचे हात अद्याप आठवत असतील, एखाद्या आजीस झिम्म्याफुगडीचे विस्मृत प्रकार ठाऊक असतील. तरुणांनी ते आजच विचारून घ्यावेत, लिहून ठेवावेत व सर्वांस खुले करावेत.