समुद्रकाठचं हॉटेल आणि गावकऱ्यांची वाट : गोव्यातल्या वायंगिणी किनाऱ्याची गोष्ट

फुलसावंगी (ता. महागाव) : आपल्या भागातून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. तरी दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की गावातली पोरं गाडी करून गोव्याला जातात आणि तिथले फोटो स्टेटसला लागतात. फोटोत वाळू दिसते, लाटा दिसतात, मागं एखादं मोठं हॉटेल दिसतं. ते हॉटेल उभं राहिलं तेव्हा तिथल्या गावकऱ्यांचं काय झालं, हे मात्र फोटोत दिसत नाही. त्यातल्या एका हॉटेलाचा आणि समुद्रावर जाणाऱ्या एका वाटेचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. पांदण रस्त्यासाठी तहसीलचे खेटे घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना तो वाद लगेच समजेल, म्हणून ही माहिती.

आधी किनारा कोणाचा होता?

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाला. तोवर कळंगुट, बागा, हणजूण ही मासेमारी आणि नारळाच्या बागांची गावं होती. सकाळी रापण ओढायची, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसं लावून मोठं जाळं ओढून काढायचं. मिळालेल्या मासळीचे वाटे सगळ्यांत व्हायचे. उन्हाळ्यात आतल्या गावांतली गोवेकर कुटुंबं समुद्रस्नानासाठी काही दिवस किनाऱ्यावर येऊन राहायची. आपल्याकडे माहूरच्या यात्रेला लोक ओळखीच्या घरी उतरायचे, तशातलीच ही रीत.

१९६० च्या दशकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेतले हिप्पी तिथं येऊ लागले. त्यांना हॉटेल लागत नव्हतं. गावकऱ्यांच्या घरातली एखादी खोली, अंगणातली विहीर आणि मासळी-भात एवढ्यावर ते महिनोन्महिने राहत. घरात रोख पैसा येण्याची तिथल्या बऱ्याच घरांची ही पहिलीच वेळ. हणजूणचा बुधवारचा बाजार त्याच काळातला आहे.

मोठी हॉटेलं आली

१९७४ मध्ये सिंकेरी इथं, १६१२ साली बांधलेल्या आग्वाद किल्ल्याला लागून, ताज समूहाचं हॉटेल सुरू झालं. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांची सुरुवात तिथून मानली जाते. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांचे पंतप्रधान आणि राष्ट्रप्रमुख दिल्लीच्या परिषदेदरम्यान याच परिसरात येऊन राहिले. यजमान होत्या पंतप्रधान इंदिरा गांधी. पाहुण्यांमध्ये ब्रिटनच्या मार्गारेट थॅचरही होत्या. गोव्याचं नाव त्यामुळं जगभर गेलं.

१९८० च्या दशकात परदेशी पर्यटकांची खास विमानं थेट दाभोळी विमानतळावर उतरू लागली. ३० मे १९८७ रोजी गोवा वेगळं राज्य झालं. या विमानांना काही गोवेकरांनी उघड विरोध केला. पाणी, वीज आणि किनारा आधी आम्हाला, मग हॉटेलांना, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच्या आधी, १९७० च्या दशकात, रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध मोठं आंदोलन केलं होतं. त्यानंतर १९८० मध्ये मासेमारी नियमनाचा कायदा आला. म्हणजे किनाऱ्यावरचा माणूस गप्प बसलेला नव्हता.

वायंगिणीचं हॉटेल

पणजीपासून काही किलोमीटरवर दोना पावलाच्या बाजूला वायंगिणी नावाचा छोटा किनारा आहे. ही हद्द ताळगावची. तिथं १९८२ च्या सुमारास 'सिदाद द गोवा' हे हॉटेल उभं राहिलं. पोर्तुगीज भाषेत याचा अर्थ गोव्याचं शहर. आराखडा चार्ल्स कोरिया यांचा. नवी मुंबईच्या नियोजनात ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे कोरिया. त्यांचं मूळ गोव्याचंच. एक मोठी इमारत न बांधता त्यांनी छोट्या गावासारखी रचना केली. रंगीत भिंती, मधेच चौक, भिंतीवर खिडक्या-दारांची अशी चित्रं की खरं दार कोणतं ते पटकन कळू नये. वास्तुकला शिकणारे विद्यार्थी आजही ते पाहायला जातात. आता हे हॉटेल ताजच्या नावानं चालतं.

इमारत देखणी, यात वाद नाही. वाद जमिनीचा आणि वाटेचा होता.

वाद नेमका काय?

कंपनीनं बरीच जमीन विकत घेतली होती. समुद्राकडे जाणारा एक तुकडा मात्र सरकारनं कंपनीसाठी संपादित केला. त्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला. त्या कायद्यात कंपनीसाठीही जमीन घेता येत होती, पण त्याआधी कंपनीनं सरकारशी करार करायचा आणि जमीन कशासाठी, कोणत्या अटींवर वापरणार ते लिहून द्यायचं. असा करार ऑक्टोबर १९८३ मध्ये झाला. समुद्रावर जाणारी लोकांची वाट अडवायची नाही, ही अट त्यात होती.

जमीनमालकांनी संपादनालाच आव्हान दिलं. ते प्रकरण १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलं. पुढं हॉटेलचा विस्तार झाला आणि संपादित तुकड्यावर इमारतीचा काही भाग आला. लोकांनी हायकोर्टात तक्रार नेली. ज्या जमिनीतून समुद्रावर जायची वाट, तिथंच बांधकाम झालं, हे कराराविरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं. २००० मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली.

२० जानेवारी २००९ रोजी सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाचा निकाल कायम ठेवला आणि त्या जमिनीवरचं बांधकाम पाडायला सांगितलं. निकालामागचं तत्त्व असं : नदी, समुद्रकिनारा, जंगल या गोष्टी सरकारच्या मालकीच्या दिसत असल्या तरी सरकार त्यांचं विश्वस्त आहे. खरा हक्क लोकांचा, पुढच्या पिढ्यांचाही. विश्वस्ताला दुसऱ्याची ठेव मन मानेल तशी कोणाला देऊन टाकता येत नाही.

हे तत्त्व सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्येही एका हॉटेलच्याच प्रकरणात सांगितलं होतं. हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठच्या एका मोटेलनं आपली इमारत वाचवण्यासाठी नदीचा प्रवाह वळवला होता. कोर्टानं तिथल्या जमिनीचा भाडेपट्टा रद्द केला.

जिंकून पुढं काय झालं?

इथं गोष्ट संपली असती तर लिहायला सोपं गेलं असतं. तसं झालं नाही. २००९ मध्येच गोवा सरकारनं भूसंपादन कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, तीही मागच्या तारखेपासून. त्यामुळं ज्या कराराच्या भंगावर निकाल उभा होता, त्याचा आधारच निघून गेला आणि बांधकाम वाचलं. पर्यावरणासाठी काम करणाऱ्या 'गोवा फाउंडेशन'नं या दुरुस्तीला आव्हान दिलं. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं दुरुस्ती वैध ठरवली. निकालाचा आधार बदलणारा कायदा करण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे, असं त्याचं कारण.

१९८३ चा करार आणि २०१६ चा शेवटचा निकाल, मधे ३३ वर्षं. करार झाला त्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर स्वतः बाप झालं असेल. गोवेकर हॉटेल पाडू शकले नाहीत. पण किनारा आणि तिथं जायची वाट लोकांची आहे, हे त्यांनी देशाच्या सर्वोच्च कोर्टाकडून लिहून घेतलं. त्यातलं तत्त्व पुढच्या प्रकरणांत आजही सांगितलं जातं.

किनाऱ्यावर बांधकामाचा नियम

इंदिरा गांधींनी नोव्हेंबर १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवायला सांगितलं होतं. त्यातूनच पुढं १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारपट्टी नियमन अधिसूचना आली. ग्रामीण किनाऱ्यावर भरती रेषेपासून पहिले २०० मीटर नवीन बांधकामाला बंदी झाली. २०११ आणि २०१९ मध्ये हे नियम बदलले. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ही बंदी आता ५० मीटरपर्यंत खाली येऊ शकते. हॉटेलवाल्यांना हे हवं होतं, मच्छीमार संघटनांनी विरोध केला होता.

रहिवाशांना काय मिळालं?

नुकसानच झालं असं म्हणणं खोटं ठरेल. किनाऱ्यावरच्या अनेक घरांनी खोल्या भाड्यानं दिल्या. पावसाळा संपला की बांबू आणि झावळ्यांचे शॅक, म्हणजे खानावळी, सरकारी परवान्यानं लागतात आणि पुढचा पावसाळा यायच्या आत काढाव्या लागतात. तिथं मोटारसायकलवर भाड्यानं माणूस नेणाऱ्याला 'पायलट' म्हणतात. त्याच्या गाडीचं पुढचं मडगार्ड पिवळं असतं. अनेक घरं यावर चालली. पण जमिनीचे भाव असे वाढले की गावातल्याच पोराला गावात घर घेणं परवडेना. भातशेतीही बऱ्याच ठिकाणी पडीक राहिली.

आपल्या राज्यात सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मालवण, तारकर्ली भागात निवास-न्याहारी योजनेतून स्थानिकांनी स्वतःच्या घरात पर्यटक ठेवले. मालक गावातला राहिला की पैसाही बराचसा गावात राहतो. फिरायला जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आपल्यासाठी यात काय आहे?

माझ्या स्वतःच्या वावराची वाट दोन हंगाम अडवलेली होती. बैलबंडी जाईना, म्हणून कापसाचे गठोडे डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणले. तेव्हा कळलं की वाट नसेल तर सातबारा नुसता कागद आहे. वायंगिणीच्या लोकांचंही दुखणं हेच होतं. तिथं हॉटेल होतं, आपल्याकडे धुरा असतो.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या :

१. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. 'पाहू पुढच्या वर्षी' म्हणत बसलं की मुदत जाते.

२. वावराला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून वाट मागता येते.

३. विदर्भात गावाच्या सामाईक हक्कांची नोंद निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत असते. गावठाणाजवळची गायरानं, वाटा, पाणवठे यांचा वाद आला की आधी ही नोंद पाहावी.

४. जमीन संपादनात जात असेल तर भावासोबत अटीही वाचाव्या. आता १८९४ चा कायदा नाही. १ जानेवारी २०१४ पासून नवीन कायदा लागू आहे. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, असं त्यात आहे. इसापूर धरणात ज्यांची वावरं गेली, त्यांच्या घरी अजूनही म्हातारी माणसं सांगतात की तेव्हा कागद कोणी वाचून दाखवला नाही.

पुढच्या वेळी गोव्याच्या वाळूवर उभं राहून फोटो काढाल, तेव्हा तिथवर कोणत्या वाटेनं आलात ते एकदा मागं वळून पाहा. ती वाट मोकळी राहावी म्हणून तिथल्या साध्या माणसांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्या आहेत.